भर खाडीत होडीचं इंजिन बंद पडलं, चालू होईना? दोरी ओढत बसण्याआधी हे बघा

दाभोळ खाडीच्या पलीकडे आमची थोडी कलमं आहेत. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून आंब्याच्या दिवसात आमची ये-जा होडीनेच. गेल्या सीझनला आठ क्रेट भरून परत येत होतो. खाडीच्या मधोमध इंजिनाचा आवाज बसला, दोन आचके दिले आणि बंद. दोरी ओढली, पेटलं, मिनिटभर चाललं, परत बंद. नंतर पंधरा-वीस वेळा ओढली. हाताला फोड आले, पण इंजिन काही दाद देईना. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू खाडीच्या मुखाकडे सरकतेय आणि मी आपला दोरी ओढतोय! सोबत वाडीतले काका होते, ते शेवटी ओरडले, "अरे, आधी नांगर टाक!"

तर पहिलं काम तेच. इंजिन बंद पडलं की आधी नांगर. नांगर लागला की होडी जागेवर राहते, डोकं शांत राहतं. लाइफ जॅकेट काढून ठेवलं असेल तर अंगात घाला. किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवा. रेंज आहे तोवरच पाठवा, पुढे मिळेलच असं नाही.

माझ्या इंजिनाचा दोष काय होता ते ऐका. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. टाकी मोटारसायकलवर बांधून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो मीच आवळला होता आणि होडीत बसल्यावर सैल करायला विसरलो. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खेचलं जात नाही. इंजिन पाच-दहा मिनिटं छान चालतं, मग ताकद जाते, मग बंद. थोडा वेळ थांबलं की परत पेटतं आणि परत मरतं. झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज आला किंवा प्लास्टिकची टाकी आत ओढल्यासारखी दिसली, तर हाच दोष समजा.

त्याहून सोप्या दोन गोष्टी आधी बघायच्या. इंजिन बंद करायच्या बटणाला लाल दोरीची क्लिप असते, ती निसटली का? आणि गिअर न्यूट्रलला आहे का? बहुतेक इंजिनं गिअरमध्ये असताना सुरूच होत नाहीत.

रबरी फुगा खरं सांगतो

टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात रबरी फुगा असतो. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. पाइप बदलताना उलटा बसवलेला मी स्वतः पाहिलाय. बाण वर करून फुगा दाबा आणि हाताला काय लागतं ते बघा.

फुगा चपटा होऊन तसाच राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू बंद, आतली जाळी तुंबलेली नाहीतर पाइप कुठेतरी दुमडलेला. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर टाकीत पेट्रोल नाही किंवा कुठून तरी हवा शिरतेय. क्लिपा आवळा, जोडाच्या टोकाची रबरी रिंग फाटली आहे का बघा. फुगा कडक झाला तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय, मग दोष पुढे आहे. आणि फुगा दाबत राहिलं तरच इंजिन चालतं, सोडलं की मरतं असं असेल तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा गेलाय किंवा हवा ओढतेय. पण त्या वेळी एकाने फुगा दाबत आणि दुसऱ्याने हँडल धरत किनारा गाठता येतो.

पेट्रोलमध्ये पाणी हाही आपल्याकडचा मोठा त्रास. फिल्टरची वाटी काढून पारदर्शक बाटलीत ओता. पाणी जड, ते खाली बसतं आणि वेगळं दिसतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला जातं आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात टाकीत राहिलेलं पेट्रोल पुढे होडीत वापरू नका. होडी उभी करण्याआधी कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू काढून तोही रिकामा करा. नाहीतर बारीक भोकं चिकटून बसतात आणि पहिल्याच फेरीला इंजिन गचके देतं.

केरोसीनवर चालणारं इंजिन असेल तर थंड इंजिन केरोसीनवर पेटणार नाही. आधी पेट्रोलवर चालू करायचं, गरम झालं की केरोसीन. बंद करतानाही शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवायचं. मध्येच बंद पडलं असेल तर कॉक पेट्रोलवर फिरवून मगच दोरी ओढा.

ओव्हर झालं तर

चोक ओढून दोरी मारत राहिलं की इंजिन ओव्हर होतं. पेट्रोलचा वास येतो, प्लग ओला निघतो. माझंही शेवटी तेच झालं होतं. हवेचा स्क्रू उघडूनही ते लगेच पेटलं नाही. अशा वेळी चोक पूर्ण आत, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, पाच-सहा वेळा दोरी. नाही झालं तर प्लग काढून पुसून वाळवा किंवा सरळ नवा लावा. पेटलं की अॅक्सिलरेटर लगेच कमी करा. होडीत पेट्रोलचा वास असताना करंट बघायला ठिणगी पाडू नका, नवा प्लग घालून बघणं बरं. बिडी तर नाहीच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडलं की प्लग काळा होतो. ५०ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, अंदाजाने झाकण-झाकण नाही. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा.

पिचकारी थांबली का?

इंजिनाच्या मागे पाण्याची बारीक पिचकारी पडत असते. ताकद कमी व्हायला लागली की पहिली नजर तिच्यावर. ती थांबली असेल तर इंजिन तापतंय, लगेच बंद करा. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली असेल, गाळ गेला असेल, नाहीतर आतला रबरी इम्पेलर झिजला असेल. पिशवी काढा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंड असो की अॅल्युमिनियम, तडकायची भीती असते. दोरी जागची हलतच नसेल तर इंजिन जाम झालंय, जोर लावू नका. उलट दोरी अगदी हलकी, काहीच दाब न लागता आली तर कॉम्प्रेशन गेलंय. ही दोन्ही कामं मिस्त्रीची, तिथे वल्हं घ्या हातात.

न्यूट्रलला चालतं पण गिअर टाकला की मरतं? पंख्यात जाळं किंवा दोरा अडकलाय. लाल दोरीची क्लिप काढून, इंजिन वर उचलून मगच हात घाला. आणि आवाज मोठा पण होडी पुढे जात नाही असं असेल तर पंख्याची पिन तुटली असेल किंवा आतलं रबर सटकत असेल.

हे सगळं करायला सामान बरोबर हवं. माझ्या होडीत आता एक डबा कायम असतो. दोन नवे प्लग, प्लग पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाइपाच्या क्लिपा, पंख्याची पिन, सुरी, कोरडं फडकं आणि इंजिन फिरवायची जादा दोरी. वल्ही दोन, एक नाही.

अंधार पडत आला, वारा वाढला किंवा नांगर धरत नसेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि इतर वेळी ११२. दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.