पीटेन: पेशीपटलावरचा ब्रेक

आजची गोष्ट १९९७ सालची. मेंदू, स्तन, प्रोस्टेट अशा कितीतरी गाठींमध्ये दहाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब सापडायचा. म्हणजे तिथे गाठ रोखणारं एखादं जनुक असणार! अमेरिकेत रॅमन पार्सन्स आणि पीटर स्टेक यांच्या टीम्सनी ते स्वतंत्रपणे शोधलं. पुढे रूढ झालेलं नाव, पीटेन.

त्याचं प्रथिन फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमसारखं दिसत होतं. अशी बरीच एन्झाइम्स दुसऱ्या प्रथिनांवरचं फॉस्फेट काढतात, त्यामुळे आधी संशय तिकडेच गेला. पण १९९८ मध्ये माएहामा आणि डिक्सन यांनी दाखवलं, की पीटेन पेशीपटलातल्या एका स्निग्ध रेणूवर काम करतं: पीआयपी-३.

हे कसं चालतं बघा. वाढीचा निरोप आला की पीआय-३ किनेझ पीआयपी-२ ला एक फॉस्फेट जोडतं, त्याचा पीआयपी-३ होतो. मग एकेटी नावाचं प्रथिन पटलापाशी येऊन सुरू होतं आणि पेशीला 'वाढ, जग' असा सिग्नल जातो. पीटेन तेच फॉस्फेट काढून टाकतं. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, एक फंक्शन फ्लॅग ऑन करतं, दुसरं ऑफ. ऑफवालंच डिलीट झालं, तर निरोप थांबला तरी सिग्नल रेंगाळतो.

गेलेलं पीटेन परत बसवणारं औषध आज बाजारात नाही. म्हणून पुढचा टप्पा अडवायचा. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं कॅपिव्हासर्टिब एकेटीलाच रोखतं, आणि स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते देण्याआधी पीटेनमधला बिघाडही तपासला जातो. डिक्सनच्या शोधानंतर तब्बल २५ वर्षांनी!