मोडी कागदपत्रांतील व्यक्तिनामांचे वाचन

मोडी लिपीतील हस्तलिखित दप्तरांत आलेली माणसांची नावे उलगडून, ती विशिष्ट व्यक्तीची आणि विशिष्ट घराण्याची आहेत असे ठरवण्याची प्रक्रिया. वंशावळ तयार करणे, वतन वा जमिनीचा वारसा तपासणे आणि जातीच्या जुन्या नोंदी शोधणे या कामांत तिचा उपयोग होतो. यादवकाळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीतील दैनंदिन लेखन प्रामुख्याने मोडीत होत असे. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक घराण्यांचा चार-पाच पिढ्यांमागचा लेखी माग याच लिपीत सापडतो. पत्रातील चालू मजकुरात एखादे अक्षर अडले तरी वाक्याच्या अर्थावरून ते भरून काढता येते. नावाला असा आधार मिळत नाही, कारण ‘राणोजी’ आणि ‘दादोजी’ ही दोन्ही नावे एकाच वाक्यात सारखीच बसतात. म्हणून अक्षरांतून फक्त शक्यता मिळतात आणि निर्णय कागदाची रचना व इतर नोंदी यांवरून करावा लागतो.

साधने : पेशवाईतील जमाखर्च, इनामपत्रे आणि वतनांचे कागद यांचा सर्वांत मोठा साठा पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तरात असून तो कापडी रुमालांत बांधून ठेवलेला आहे. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत घराण्यांची दप्तरे छापली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही असे कागद मोठ्या प्रमाणावर जमा झाले आहेत. १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचे अधिष्ठान मिळाल्यावर इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कागद व वंशावळी सादर कराव्या लागल्या. या चौकशीत तयार झालेली कागदपत्रे कुळशोधासाठी विशेष मोलाची आहेत.

गावपातळीवर जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना १४, प्रचलित नाव ‘कोतवाल बुक’), पाहणीपत्रक, खासरापत्रक, कडईपत्रक, कुळनोंदवही आणि शाळेचे जनरल रजिस्टर ही मुख्य साधने होत. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच दप्तरे तपासली गेली आणि मोडी वाचकांची गरज एकाएकी वाढली.

लिपीमुळे येणाऱ्या अडचणी : मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जातात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे जवळजवळ नसतात आणि ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो. त्यामुळे नाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते हा पहिला प्रश्न असतो. इकारासाठी दीर्घ आणि उकारासाठी ऱ्हस्व असे एकच चिन्ह वापरण्याचा प्रघात असल्याने ‘वीठोजी’ हे लेखन उच्चाराचा निराळा पुरावा ठरत नाही. जोडाक्षरे बऱ्याचदा फोडून लिहिलेली असतात आणि अनुस्वार गाळलेला असतो. र या अक्षराचे रूप शेजारच्या अक्षराप्रमाणे आणि स्वरचिन्हाप्रमाणे बदलते.

वळणही काळानुसार बदलत गेले. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे त्याचे ढोबळ टप्पे मानतात. पेशवाईतील बोरूने लिहिलेले अक्षर जाड-बारीक रेघांचे आणि बरेचसे नेमके असते. इंग्रजी अमलात टाक आल्यावर रेघ एकसारखी बारीक झाली, लेखनाचा वेग वाढला आणि अक्षरे अधिक मोडली. म्हणून १८९० ची गावनोंद १७६० च्या सनदेपेक्षा वाचायला कठीण जाणे हा अपवाद नव्हे. मुंबई सरकारने १९१७ मध्ये प्रशासनासाठी बालबोध (देवनागरी) लिपीचा स्वीकार केला, तरी खालच्या स्तरावर मोडी पुढे काही दशके चालू राहिली. बालबोध नोंदींतही ख आणि रव, घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या फसवतात.

नावाची घडण : जुन्या कागदांत माणसाची ओळख आडनावापेक्षा वडिलांचे नाव, गाव आणि वतन यांवरून दिलेली असते. ‘तुकोजी बिन मालोजी पाटील मौजे अमुक’ ही तिची नेहमीची चौकट होय. ‘बिन’ आणि ‘वलद’ हे शब्द मुलगा दाखवतात. स्त्रीच्या नावापुढे येणारे ‘कोम’ किंवा ‘जवजे’ आणि नंतरच्या दस्तांतील ‘भ्रतार’ हे शब्द नवऱ्याचे नाव सांगतात. ‘मौजे’, ‘कसबे’, ‘तर्फ’ आणि ‘परगणे’ यांपुढचा शब्द स्थळाचा असतो. ‘मोकदम’ म्हणजे पाटील. हे ठरावीक शब्द एकदा ओळखता आले की नावाच्या सीमा आपोआप ठरतात.

ब्राह्मण घराण्यांत स्वतःच्या नावाला लगेच वडिलांचे नाव जोडत. बाळाजी जनार्दन म्हणजे जनार्दनाचे पुत्र नाना फडणीस. या जोडणीत वडिलांच्या नावाचे रूप बदलू शकते. बाळाजी विश्वनाथ यांचे पुत्र थोरले बाजीराव ‘बाजीराव बल्लाळ’ असे लिहीत. ‘बल्लाळ’ हे आडनाव समजले तर पितापुत्रांचा दुवाच तुटतो. भट हे या घराण्याचे आडनाव अशा नाममुद्रेत येत नाही.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल हे गोंधळाचे दुसरे मोठे कारण होय. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ आणि बाळाजी बाजीराव या तीन पिढ्यांत पहिले नाव तिसऱ्या पिढीत परतले आहे. शेतकरी घराण्यांत ‘तुकोजी बिन मालोजी’ आणि ‘मालोजी बिन तुकोजी’ अशा नोंदी दोन-तीनदा आलटून-पालटून येतात. तारीख न पाहता त्या जोडल्या तर एखादी पिढी गळते किंवा नसलेली पिढी तयार होते.

एका नावाची अनेक रूपे : नारायणाचे नारो, विश्वनाथाचे विसाजी, अनंताचे अंताजी, महादेवाचे महादजी, त्र्यंबकाचे त्रिंबक आणि परशुरामाचे परसराम ही रूपे दप्तरांत सर्रास दिसतात. श आणि स यांची अदलाबदल होत असल्यामुळे शिवाजी हे नाव ‘सिवाजी’ असे लिहिलेले आढळते. ण आणि न, य आणि ये, ओ आणि वो यांचेही तसेच होते. नावाअंती येणारे जी, बा, पंत, राव, शेट, नाक आणि भट हे प्रत्यय दर्जा, जात वा व्यवसाय सुचवतात. मात्र कागद कोणी कोणाला लिहिला यानुसार त्यांत फरक पडतो. एकाच माणसाचे नाव सारावसुलीच्या यादीत ‘खंडू’ आणि महजरात (निवाडापत्रात) ‘खंडोजी’ असे असू शकते. धोंडू, दगडू, केरू यांसारखी नावे मूल जगत नसलेल्या घरांत दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. त्यामुळे असे नाव विचित्र वाटले तरी वाचन चुकले असे लगेच मानू नये.

संक्षेप आणि निशाण्या : शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा देणे ही संक्षेपाची रूढ रीत. ‘रा॥’ हे सहसा राजश्री असते, तर ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. ‘पा॥’ मात्र पाटील, परगणे किंवा पाठविले यांपैकी काहीही असू शकते. ‘कु.’ हे अक्षर जातीच्या रकान्यात कुणबी दर्शवते, तर वतनदाराच्या नावापुढे कुळकर्णी आणि शाळेच्या वहीत मुलीच्या नावाआधी कुमारी. म्हणून संक्षेप सोडवताना तो कोणत्या रकान्यात व कोणत्या जागी आला आहे हे आधी पाहतात. ‘मजकूर’ आणि ‘मशारनिल्हे’ हे शब्द वर आलेल्या गावाकडे वा माणसाकडे निर्देश करतात, तर ‘कित्ता’ म्हणजे वरचाच तपशील. एकच पान सुटे वाचल्यास हे सर्व दुवे हरवतात. जमिनीच्या नोंदींतील ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) या खुणेनंतरचे नाव पालकाचे असते. तो वडीलच असेल असे नाही. आई, चुलता वा मामाही असू शकतो.

महजर आणि करीना (हकिकतीचा कागद) यांत साक्षीदारांची आणि वारसांची लांब यादी असते. अक्षरओळख नसलेल्यांची नावे लेखक लिही आणि त्यांपुढे व्यवसायाची निशाणी काढली जाई. पाटलाचा नांगर आणि शेट्याचा तराजू ही त्यांतली ओळखीची चित्रे. नाव धूसर असले तरी ‘नि॥ नांगर’ हे शब्द किंवा चित्र शोधाचा परीघ लहान करते. अशा यादीतील नावाचे लेखन त्या माणसाचे नसून लेखकाच्या कानाचे असते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कालनिर्देश : एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या करण्यास तारीख हाच खात्रीचा आधार. मराठी कागदांत शालिवाहन शक, १६७४ पासूनचा राजशक, शुहूर सन, फसली सन आणि हिजरी महिने आढळतात. शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे येथे १७७६-७७. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होई. संवत्सराचे नाव दिले असल्यास पडताळा घेता येतो. शके १६९८ चे संवत्सर दुर्मुख असल्याने वरील वर्षाशी तेच जुळायला हवे.

वाचनाची पद्धत : काम अलीकडच्या काळाकडून मागे नेणे श्रेयस्कर. आजचा सातबारा, शाळेचा दाखला आणि बालबोधातील फेरफार यांतून गाव, गट वा सर्व्हे क्रमांक आणि किमान दोन पिढ्यांची नावे निश्चित करून मग मोडीकडे वळतात. जमिनीचा क्रमांक आणि चतुःसीमा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, म्हणून नाव बदलले तरी जमिनीवरून घराणे ओळखता येते.

हाती आलेल्या दप्तरात आधी ओळखीचे शब्द शोधतात. गावाचे नाव, महिने, ‘बिन’, ‘मौजे’, ‘पाटील’, ‘रुपये’ यांतून त्याच लेखकाची अक्षरे वेगळी काढून त्यांचा तक्ता करतात. छापील मोडी मुळाक्षरांपेक्षा हा तक्ता उपयोगी, कारण प्रत्येक कारकुनाचा हात निराळा असतो. त्यानंतर संशयित नावातील प्रत्येक अक्षर तक्त्याशी ताडून संभाव्य वाचने मांडतात. त्यांपैकी कोणते नाव त्या गावात, त्या जातीत आणि त्या काळात प्रत्यक्ष आढळते हे इतर पानांवरून पाहतात. ज्या भागात जोतिबा वा खंडोबा हे कुलदैवत आहे, तेथे जोती, केदारी, खंडू, मल्हारी ही नावे वारंवार येतात. तरीही जे नाव हवे आहे तेच दिसू लागण्याचा धोका मोठा असल्याने दुसऱ्या वाचकाकडून स्वतंत्र वाचन करून घेण्याची पद्धत आहे. जन्माच्या नोंदीत बारशापूर्वीचे मूल पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. तेथे वडिलांचे नाव आणि भावंडांच्या जन्मतारखा यांवरूनच निष्कर्ष काढावा लागतो.

पडताळणीसाठी दप्तराबाहेरची साधनेही आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपले गाव, भाऊ, मुले आणि पूर्वज यांची नावे नोंदवलेली असतात. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी पिढीजात सांभाळतात. आदिलशाही-निजामशाहीच्या द्विभाषी फर्मानांत वर फार्सी आणि खाली मोडी मजकूर असल्यास एकाच नावाची दोन लेखने ताडून पाहता येतात.

मराठी मुलखाबाहेरील आणि परलिपीतील नोंदी : तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि त्यांत तमिळ नावे मराठी वळणाने लिहिलेली दिसतात. गोव्यात पोर्तुगीज कारकुनांनी कोकणी-मराठी नावे रोमन लिपीत आपल्या उच्चाराने उतरवली. तेथे श साठी एक्स हे अक्षर येते, अकाराच्या जागी ओ दिसतो आणि अंती अनुनासिक लागते, त्यामुळे प्रभूचे ‘पोरोबो’ आणि केणीचे ‘केनिम’ झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातील गिरमिटी मजुरांची नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. ती नावे परभाषी कारकुनांनी ऐकून लिहिली. वडिलांचे एकेरी नाव पुढे त्या कुटुंबाचे आडनाव बनल्याची उदाहरणेही तेथे आहेत. अशा नोंदीतले नाव मोठ्याने उच्चारून मराठी मूळ शोधतात आणि जहाज, गाव व जात या रकान्यांवरून ते पारखतात.

लिप्यंतर आणि नोंद : वाचलेले नाव दोन स्वतंत्र रकान्यांत लिहिणे आवश्यक असते. पहिल्यात मूळ लेखन जसेच्या तसे, दुसऱ्यात प्रमाण रूप. ‘सीवाजी’ दिसले तर पहिल्या रकान्यात तेच राहते. न लागलेले अक्षर टिंबांनी आणि संशयित अक्षर चौकोनी कंसात दाखवतात, संक्षेप फोडताना घातलेली अक्षरेही कंसात ठेवतात. दप्तराचे नाव, रुमाल वा वही क्रमांक, पान आणि मूळ तारीख नोंदवल्याशिवाय वाचन फेरतपासणीस योग्य ठरत नाही. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडी वाचनाचे वर्ग घेते. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्यामुळे मूळ लिपीतही प्रत तयार करता येते. तथापि संगणकातील अक्षरे सुटी आणि ठरीव असतात, तर दप्तरातील अक्षरे हाताच्या ओघात एकमेकांत मिसळलेली असतात. एखाद्या नावाचे वाचन निश्चित मानण्यासाठी अक्षरे, कागदातील त्याची जागा आणि किमान एक स्वतंत्र नोंद या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. तो बसत नसेल तर वंशावळीत ते नाव संशयित म्हणूनच दाखवले जाते.