आठवड्याला एक पेनी

लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या एका कुटुंबानं आपल्या लहान मुलीच्या दफनावर केलेला हा खर्च बघा. अंत्यविधीचे १ पौंड १२ शिलिंग. मृत्यूचा दाखला १ शिलिंग ३ पेन्स. खड्डा खणणारे, शवगाडीबरोबरची माणसं आणि मुलीला शेवटचं नेसवणारी बाई यांना प्रत्येकी २ शिलिंग. विमा एजंटला १ शिलिंग. बापाचा काळा टाय १ शिलिंग. फुलं ६ पेन्स. एकूण २ पौंड १ शिलिंग ९ पेन्स.

(१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड.)

मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ साली हा हिशेब छापला. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'राउंड अबाउट अ पाउंड अ वीक'. या घरांची आठवड्याची मिळकत साधारण तेवढीच. म्हणजे एका दफनात दोन आठवड्यांचा पगार गेला. तरी मुलीला स्वतंत्र थडगं नाही. आणखी तिघांबरोबर एकाच खड्ड्यात तिला पुरलं. पुढचे दोन आठवडे घरच्यांनी पोटाला चिमटा घेतला.

तुम्ही विचाराल, दफन फुकट होण्याची सोयच नव्हती का? होती. सरकारी खर्चानं साधी पेटी आणि सामाईक खड्डा मिळायचा. पण त्या फुकटामागे एक कायदा उभा होता.

वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी प्रेतं लागत. १७५२ च्या कायद्यानं फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं त्यांना मिळत, म्हणजे चिरफाड ही शिक्षेचाच भाग होती. ती प्रेतं पुरेनात, तेव्हा कबरी उकरणारे चोर आले. १८२८ मध्ये एडिनबरात बर्क आणि हेअर या जोडीनं प्रेतं विकण्यासाठी सोळा माणसं मारल्याचं उघड झालं. त्यावर तोडगा म्हणून १८३२ चा ॲनाटॉमी ॲक्ट आला. आता वर्कहाउसांत, इस्पितळांत मेलेल्या ज्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही, त्यांची प्रेतं डॉक्टरांकडे जाऊ लागली. जी शिक्षा काल खुन्याची होती, ती आज गरिबाच्या वाट्याला आली. दोनच वर्षांनी गरिबांची मदत वर्कहाउसच्या भिंतींआड नेणारा नवा कायदा झाला, आणि भीती पक्की झाली.

म्हणून लोक हप्ते भरू लागले. गल्लोगल्ली 'बरियल क्लब' निघाले, दफनाची भिशीच म्हणा ना. ते चालवणारे बरेचदा गुत्तेवाले, नाहीतर दफनाचा धंदा करणारे अंडरटेकरच. एडविन चॅडविक यांनी १८४३ च्या अहवालात या व्यवहाराची चिरफाड केली. क्लबातून किती रक्कम येणार हे अंडरटेकरला कळलं, की बिल बरोबर तेवढ्याचंच होई. एकाच खोलीत राहणारी कुटुंबं पैसे जमेपर्यंत प्रेत त्याच खोलीत कित्येक दिवस ठेवत. तिथेच जेवत, तिथेच झोपत.

मग सभ्य समाजात कुजबुज सुरू झाली, की आईबाप विम्याच्या पैशांसाठी मुलं मारतात. असे काही खटले झालेही. पण संशय सगळ्याच गरिबांवर गेला. १८७५ च्या कायद्यानं पाच वर्षांखालच्या मुलाचा विमा ६ पौंडांवर आणि दहा वर्षांखालच्याचा १० पौंडांवर रोखला. त्याच वर्षी आपल्याकडे दख्खनचे दंगे झाले. त्यानंतर नेमलेल्या आयोगानं म्हटलं, की लग्नकार्यांचा खर्च हे रयतेच्या कर्जाचं कारण म्हणून जरा जास्तच पुढे केलं जातं. गरिबाच्या खर्चाकडे बोट दाखवणं सगळीकडेच सोपं असतं.

क्लबांपाठोपाठ कंपन्या आल्या. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या प्रुडेन्शियलनं १८५४ पासून कामगारांचा विमा सुरू केला. एजंट दर आठवड्याला दारात हजर. लॅम्बेथमध्ये साधारण दर मुलामागे एक पेनी, आईचे दोन, बापाचे तीन. चार मुलांच्या घरात आठवड्याला नऊ पेन्स जिवंतपणीच मरणासाठी बाजूला पडत. तेवढ्यात पोरांच्या पोटात आणखी काही गेलं असतं, हे त्या बायकांना कळत नव्हतं थोडंच! पण हप्ता चुकला तर पॉलिसी बुडणार, आणि मूल दगावलं तर ते 'पॉपर' म्हणून, भिकाऱ्यासारखं, पुरलं जाणार. माझ्या मते हे अडाणीपण नव्हतं. त्यांच्या हातात असलेलं नियोजन एवढंच होतं, आणि ते फार महाग होतं.

किती महाग, हे विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात मांडलं. या विम्यातल्या प्रत्येक पौंडातले साधारण साडेसात शिलिंग निव्वळ कारभारात जात, त्यात दारोदार फिरून पेन्स गोळा करण्याचा खर्च मोठा. बेव्हरिज यांचा प्रस्ताव साधा होता: दफनाचा खर्च प्रत्येकालाच येणार, तर सगळ्यांचा विमा एकत्र सरकारनंच करावा आणि प्रौढ माणसामागे २० पौंड द्यावेत. कंपन्या सरकारजमा करण्याची त्यांची सूचना बारगळली. २० पौंडांचं अनुदान मात्र जुलै १९४९ पासून सुरू झालं.

१९६७ मध्ये त्याचे ३० पौंड झाले. पुढची वीस वर्षं महागाई वाढत राहिली, आकडा तिथेच राहिला. १९८७ मध्ये ते बंद झालं, तोवर ३० पौंडांत पेटीसुद्धा येत नव्हती. त्यानंतर मदत उरली ती फक्त सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांना, आणि तीही अर्ज करून, आपली गरिबी कागदावर दाखवून.