चांदा फोर्ट, चंद्रपूर आणि दोन पत्त्यांचा संगणक

चंद्रपूरला रेल्वेनं जाणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारावा लागतो. कुठल्या स्टेशनावर उतरणार? दिल्ली-चेन्नई लाईनवरचं 'चंद्रपूर', की गोंदियाहून वडसा, नागभीड करत येणाऱ्या लाईनवरचं 'चांदा फोर्ट'? गाव एकच, स्टेशनं दोन, नावंही दोन. (चांदा हे गावाचं जुनं नाव. स्टेशनाच्या पाटीवर ते अजून टिकून आहे.) आमचं आजोळ तिकडचं. लहानपणी एकदा आम्ही एका स्टेशनावर आणि मामा दुसऱ्या स्टेशनावर, असे दोन तास काढलेले आहेत.

गोंदिया-चांदा फोर्ट ही लाईन पूर्वी नॅरोगेज होती, ती १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. तोपर्यंत मोठ्या लाईनचा डबा तिच्यावर चालणं शक्यच नव्हतं. एका गावात दोन जाळी, आणि एकातली गाडी दुसऱ्यात जात नाही. आम्ही नेटवर्कवाले अशा प्रकाराला ड्युअल-स्टॅक म्हणतो.

हे प्रकरण आलं कुठून? आयपीव्ही४ चा आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा नेट मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांपुरतं आणि लष्करी संस्थांपुरतं होतं, त्यामुळे हा आकडा अफाट वाटला. दहा-बारा वर्षांतच पुरणार नाही हे दिसू लागलं. डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही६ चा पहिला आराखडा आला, पत्ता १२८ बिटांचा. पण दोघांची पाकिटं वेगळी, गेज वेगळं. सगळं जग एका रात्रीत बदलता येणार नव्हतं, म्हणून १९९६ साली तोडगा सुचवला गेला की प्रत्येक संगणकानं काही काळ दोन्ही भाषा बोलाव्यात.

तो 'काही काळ' अजून चालूच आहे! ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला, जगात सगळ्यात आधी. भारताचा अधिकृत आयपीव्ही६ आराखडा जुलै २०१० चा, पण खरा वेग आला २०१६ नंतर, स्वस्त फोर-जीमुळे. आज आयपीव्ही६ वापरात भारत जगाच्या पुढच्या रांगेत आहे. गडचिरोलीच्या जंगलात टॉवरखाली उभा राहून फोन लावणाऱ्या पोराच्या हातातही बहुधा आयपीव्ही६ असतं, त्याला ते माहीतही नसतं.

आता माझी गोष्ट. मागच्या पावसाळ्यात मामेभावाकडे गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्यात एका मोठ्याशा गावात त्याचं सेवा केंद्र आहे. दुपारी एक बाई मुलीला घेऊन आल्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म, आज शेवटची तारीख. दोन बस बदलून आल्या होत्या आणि परतीची शेवटची बस पाचला होती.

"दादा, नेट तं चालू हाय, पण फॉर्म जाऊन नाई राहिला," भाऊ म्हणाला.

खरंच, ब्राउझरमध्ये बातम्या उघडत होत्या. पण कागदपत्रं पाठवायचा जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम मिनिटभर फिरायचा आणि थकून बंद पडायचा. 'साईट डाउन असंल' असं म्हणून भाऊ सोडून देणार होता.

मी आधी पत्ते बघितले. आयपीव्ही४ चा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा, म्हणजे राउटरनं दिलेला, ठीक. (तो १६९.२५४ नं सुरू झाला असता तर राउटरकडून काहीच आलं नाही, संगणकानं स्वतःच पत्ता ठोकून दिलाय, असा अर्थ.) आयपीव्ही६ मध्ये एक एफई८० वाला, तो फक्त घरातल्या घरात चालतो. आणि बाहेरच्या जगाचे, २ नं सुरू होणारे, चक्क दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले.

मग पिंग. हा प्रोग्रॅम माइक म्यूस ह्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. राउटरला पिंग, उत्तर आलं. बाहेर, चारनं: उत्तर आलं. बाहेर, सहानं: शुकशुकाट.

उलगडा झाला. सकाळी लाईट गेली होती. राउटर पुन्हा चालू झाला तेव्हा कंपनीकडून त्याला नवा गठ्ठा मिळाला. संगणक मात्र इन्व्हर्टरवर चालूच होता, त्यानं जुना पत्ताही जपून ठेवला आणि पाकिटावर तोच लिहीत बसला. उत्तरं जुन्या घरी जात होती!

मग ब्राउझर कसा चालत होता? २०१२ च्या सुमारापासून ब्राउझरवाल्यांनी एक युक्ती वापरली आहे. सहानं क्षणभरात उत्तर आलं नाही तर ते गुपचूप चारनं जातात. सोय चांगली, पण त्यामुळे मोडलेलं झाकलं जातं. जुन्या प्रोग्रॅमला ही युक्ती ठाऊक नव्हती. तो सहालाच धरून बसला.

नेटवर्क कार्ड बंद करून परत चालू केलं, जुना पत्ता गेला. सहानं पिंग, उत्तर आलं. फॉर्म चार वाजून वीस मिनिटांनी गेला आणि बाईंना बस मिळाली.

रात्री मामांना हे सांगितलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले. म्हणाले, "यात नवं काय? भामरागडचा पिन ४४२७१०. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी. पिन तोच, पाकिटावर सगळं बरोबर, अन् टपाल अलीकडंच पडून!" पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कामातून. १९८२ ला चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला, तरी आकडे जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे लागलेले नाहीत. गडचिरोली ४४२६०५, पण त्याच जिल्ह्यातलं वडसा ४४१२०७. आकडा टपालाची वाट सांगतो. वाट चालू आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

निघताना भावाच्या भिंतीवर एक कागद चिकटवला:

१. पत्ते किती, आणि कुणी दिले?
२. राउटर उत्तर देतो का?
३. बाहेर चारनं जातं का?
४. बाहेर सहानं जातं का?
५. नावानं जातं का?

तिसरा आणि चौथा प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एवढंच पथ्य.

परवा पुन्हा धो धो पाऊस झाला तिकडे. भावाचा मेसेज आला, "दादा, चार चालू, सहा बंद. करतो मीच."

असो. फार लांबलं. चांदा फोर्टला उतरणार असाल तर मामांना आधी नीट कळवा.