ओटीचा खण आणि गोधडीचा चौकोन

देवीच्या ओटीत आपण जो खण घालतो, तो म्हणजे मापाने आधीच कापलेला कापडाचा एक चौकोन होय. रोजच्या सरावामुळे ही साधी गोष्ट ध्यानात येत नाही. खणाच्या कापडाचा पन्हा सुमारे ३० इंच असतो आणि एका चोळीला लागणारी लांबीही जवळजवळ तितकीच; म्हणून खण उलगडून पसरला की चौकोन दिसतो, आणि ओटीसाठी घडी घातली की त्रिकोण. कवळ्याची श्रीशांतादुर्गा असो, म्हार्दोळची श्रीमहालसा असो वा शिरोड्याची श्रीकामाक्षी असो, नवरात्रात देवीपुढे खणांची रास पडते. ही रास देवीपुढून उठल्यावर कोठे जाते याचा मागोवा घेऊ लागलो, तर आपण गोधडीपाशी येऊन पोहोचतो. देवस्थानांच्या इतिहासात शिलालेख येतात, सनदा येतात, महाजनांच्या वहिवाटी येतात. गोधडीला तेथे सहसा जागा मिळत नाही. तिला ती मिळावी असे आम्हांस वाटते, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

प्रथम खणाविषयी. हे कापड पिढ्यानपिढ्या बागलकोटजवळच्या गुळेदगुड्ड गावी विणले जात आले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख विजापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात मोडत असे. राज्ये बदलली तरी मराठी घरांतील चोळीचे कापड कानडी विणकराच्या मागावरून येण्याचे थांबले नाही. खणाच्या अंगावर जी बारीक नक्षी उठलेली दिसते ती छापलेली नसते. ताण्यात जादा धागे घालून विणतानाच ती उठवतात. त्या नक्षीत देवाचा रथ आहे, तुळस आहे, हत्तीचे पाऊल आहे. विणकराने देऊळ असे चिमटीएवढ्या जागेत बसवून दिलेले असते. कापडाच्या दोन्ही कडांना निराळ्या रंगाचे काठ असतात, आणि त्या काठांचा उपयोग पुढे गोधडीच्या कामात फार होतो.

ओटीचे खण कोणत्या वाटांनी घरी येतात हे वाचकांस ठाऊकच आहे. काही सुवासिनींना प्रसाद म्हणून मिळतात, काही पावणीत घेतले जातात, आणि काही आपल्याच घरच्या हळदीकुंकवांतून साठत जातात. चोळी शिवण्याची चाल मागे पडल्यापासून पेटीत पडून राहिलेल्या खणांची संख्या वाढली. त्यांतून बाळाची कुंची होते, टोपडे होते, आणि तीन-चार खण एकत्र आले की दुपटे होते. हे दुपटे म्हणजेच चौकोन जोडून केलेली लहान गोधडी. तिची रीत येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण जी गोष्ट हातांनी हातांना शिकविली ती कागदावर फारशी उतरलेली नाही.

पुठ्ठ्याचा ५ इंची चौकोन कापून घ्यावा आणि तो ठेवून सर्व तुकडे एका मापाचे कापावेत. काठ बाजूला काढले तर एका खणातून असे सुमारे ३० चौकोन निघतात. मिलच्या कापडाला पाव इंच शिवण पुरते. खणाचे धागे मात्र कडेने लवकर सुटतात, म्हणून चारी बाजूंनी अर्धा इंच सोडावा. शिवल्यावर प्रत्येक चौकोन ४ इंचांचा दिसेल. नऊ चौकोन तीन ओळींत मांडावेत: गडद रंगाचे पाच, म्हणजे चार कोपऱ्यांचे आणि मधला एक, आणि उरलेल्या चार जागी फिकट. आधी आडव्या तीन ओळी निरनिराळ्या जोडाव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिवणी एका अंगाला दाबाव्यात, मधल्या ओळीच्या उलट अंगाला. मग ओळी एकमेकींना जोडताना शिवणी परस्परांना टेकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. असा नऊ घरांचा एक ठोकळा १२ इंचांचा, म्हणजे बरोबर फूटभर भरतो. नऊ ठोकळ्यांचे तीन फुटी चौरस दुपटे होते; त्याला ८१ चौकोन लागतात, म्हणजे तीन खण पुरतात. खाली जुन्या लुगड्याचे दोन पदर घालून वरून सारखा धावदोरा घालावा आणि बाजूला ठेवलेल्या काठांचा गोट लावावा.

घाटावरच्या जुन्या गोधडीची रीत याहून निराळी आहे. तिच्यात आधी ठोकळे करीत नाहीत. जुने धोतर वा लुगडे अंथरतात, त्यावर चिंध्यांचे थर लावतात, वर पुन्हा धडसे लुगडे पसरतात, आणि मग तुकडे जोडणे व थर बांधणे ही दोन्ही कामे एकच धावदोरा करतो. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत. गोव्यात आणि तळकोकणात वाकळ हाच शब्द अधिक जिभेवर असतो. घाट चढून गेले की कानडीत तिलाच कौदी म्हणतात.

आता आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात जो प्रश्न आला असेल त्याकडे वळतो. देवीपुढचा खण आणि चिंध्यांची वाकळ यांची गाठ एका लेखात बांधावी काय? जुन्या घरांतील सोवळ्याचा नियम पाहिला तर वाकळ दोन्हींकडून बाद ठरते. सुती म्हणून ती शिवाशिवीने ओवळी होते, आणि सुई लागली म्हणूनही ती पूजेच्या वस्त्रांत बसत नाही. धाबळी चालते, मुकटा चालतो. गोधडी मात्र देवघराच्या उंबऱ्याबाहेर. खण देवीपुढे जातो तो अखंड, सुई न लागलेला. परत आल्यावर त्याला कातर लागते आणि तो ओवळ्यात जमा होतो. हा नियम आम्हांस ठाऊक आहे आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कापलेले व जोडलेले वस्त्र हीन, अशी जी समजूत या नियमाच्या आडोशाने रुजली आहे, तिला आपल्याच परंपरेत आधार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण याच देशात कापून जोडलेले वस्त्र हे विरक्ताचे वस्त्र ठरले आहे. पाली विनयपिटकातील महावग्गात कथा आहे की, दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातील शेते पाहिली: लांबट वाफे, मधून बांध, बांधांच्या चौफुल्या. भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय, असे त्यांनी आनंदास विचारले, आणि आनंदाने त्या आकृतीबरहुकूम तुकडे कापून चीवर शिवून दाखविले. मोठे खंड, अर्धे खंड, मधल्या पट्ट्या, गळ्याशी येणारा तुकडा, पोटरीवर येणारा तुकडा, अशी प्रत्येकाची नावेसुद्धा तेथे दिली आहेत. कारणही दिले आहे. शस्त्राने कापलेल्या वस्त्राची किंमत उतरते. ते श्रमणास शोभते आणि चोरांना त्याचा लोभ उरत नाही. पिकल्या भाताच्या खाचरांकडे उंचावरून पाहणाऱ्या गोमंतकीयाला हा ठोकळा समजावून सांगावा लागणार नाही. मेरांनी आखलेली ती वाकळच असते.

हे बौद्धांचे झाले, असे कोणी म्हणेल. पण रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरणारा योगी आद्य शंकराचार्यांच्या नावावर चालत आलेल्या स्तोत्रातही आहे, नाथपंथी जोग्याच्या चिन्हांत कंथा आहे, आणि अगदी अलीकडे गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावरच्या ठिगळांमुळेच गोधडे महाराज म्हणून ओळखले गेले. त्यांच्यासमोर वाकून नमस्कार करणाऱ्यांनी आपल्या माजघरातील वाकळीकडे नाक मुरडावे, हे विसंगत आहे.

गोधडीचा गोव्याशी संबंध कागदोपत्रीही जुना आहे. यान हायखेन व्हान लिन्सखोतन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये डच भाषेत आणि १५९८ मध्ये इंग्रजीत निघाला. त्यात खंबायतच्या मालाचे वर्णन करताना रेशमाने टाचलेल्या सुंदर पांघरुणांना त्याने जो शब्द दिला आहे तो गोधडीचाच पोर्तुगीज तोंडी झालेला अवतार आहे. म्हणजे सोळाव्या शतकात हा शब्द केवळ भिकाऱ्याच्या चिंधीचा नव्हता. लिस्बनला जाणाऱ्या व्यापारी मालाचेही ते नाव होते. बंगालच्या सातगावची टसर रेशमाने भरलेली पांघरुणेही त्या काळी पोर्तुगीज गलबतांतून युरोपास जात.

ज्या गोव्यात लिन्सखोतन राहिला, त्या गोव्यातून आपले देव थोड्याच वर्षांपूर्वी बाहेर पडले होते. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची श्रीमहालसा म्हार्दोळास आली. भक्तांपैकी पुष्कळ जण आणखी दक्षिणेस, कारवार-अंकोल्याकडे आणि त्याही पुढे गेले. हा इतिहास आपण प्रत्येक जत्रेत एकमेकांस सांगतो. पण त्याच गोव्यातून आणखी काही माणसे जीव घेऊन त्याच दिशेला गेली, हे आपण सांगत नाही. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणून गोव्याच्या बाजारात विकलेले गुलाम संधी साधून पळत आणि उत्तर कन्नडच्या जंगलांत आसरा घेत. आज हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांत जे सिद्दी राहतात, त्यांच्या पूर्वजांपैकी बरेच असे आले. काहींचे पूर्वज दख्खनच्या सुलतानांच्या पदरी होते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी मिसळलेली आहे. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

या सिद्दी स्त्रिया जी गोधडी करतात तिला कवंद म्हणतात. जुने लुगडे अंथरून एका कोपऱ्यापासून तुकडे लावायला आरंभ करायचा, कडेकडेने फिरत आत आत यायचे, आणि मधोमध पोहोचले की काम पुरे, अशी तिची रीत आहे. आधी ठोकळे करून मग जोडणारी आपली रीत आणि ही रीत शेजारी ठेवून पाहाव्यात. आपण ठोकळ्याला ठोकळा जोडत वाढतो. त्या कडेपासून आत येतात. तुकड्यांची मापे त्या आखून घेत नाहीत. ख्रिस्ती सिद्दी बाईच्या कवंदात कधी क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदात चंद्रकोर. मात्र चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांचे त्रिकोण सर्वच जणी लावतात. त्या त्रिकोणांना त्या ‘फुलां’ म्हणतात, आणि त्यांवाचून कवंद उघडे राहिले असे मानतात. चौकोनाची घडी घालून त्रिकोण करणे, हीच क्रिया आपण ओटीच्या खणाला करतो. दोन्हींचा उगम एक आहे असे म्हणण्यास पुरावा नाही आणि आम्ही तसे म्हणतही नाही. कापडाचा चौकोन हाती आला की स्त्रीचे बोट त्या घडीकडे वळते, इतकेच दिसते. परंतु गोव्यातून बाहेर पडलेल्यांचा इतिहास लिहिताना देवाच्या पालखीमागून गेलेल्यांचा तेवढा लिहावा आणि साखळी तोडून गेलेल्यांचा गाळावा, याला मात्र कोणताही शास्त्राधार नाही.

कवंदांना आता बाहेरच्या जगात मान आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासाचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी त्यांचा अभ्यास केला, २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची एक सहकारी संस्था उभी राहिली, आणि पुढे कवंदे परदेशच्या संग्रहालयांतही गेली. तेथे प्रदर्शनांत करणारणीचे नाव लावण्याची चाल आहे. आपल्या घरच्या दुपट्यांवर कोणाचेच नाव नसते. दोन पिढ्या गेल्या की आजीचे की पणजीचे हेही सांगता येत नाही. दुपट्याच्या एका कोपऱ्यात नाव आणि साल टाक्यांनी घालायला फार तर अर्धी घटका लागेल.

परदेशात तर ५ इंची चौकोन यंत्राने कापून, गठ्ठे बांधून दुकानांत विकतात. कापण्याचे श्रम नकोत अशांची ती सोय आहे. आपल्याकडे असे गठ्ठे देवीपुढे दर शुक्रवारी आपोआप जमतात. मात्र अलीकडे ओटीसाठी म्हणून जे स्वस्त खण विकले जातात त्यांत कृत्रिम धागा पुष्कळ असतो. तो घाम टिपीत नाही, बाळाच्या अंगाला खरखरतो, आणि इस्त्रीचा चटका बसला की आकसतो. कोणालाच नेसता, शिवता वा पांघरता येणार नाही असे कापड देवीला तरी का द्यावे? एक सुती खण असल्या चार खणांच्या बरोबरीचा आहे, आणि देवस्थानांच्या व्यवस्थापकांनी देवळाबाहेरच्या दुकानदारांशी याविषयी एकदा बोलून पाहावे. पावणीला न गेलेले खण प्रसूतिगृहांतील गरीब बाळंतिणींच्या दुपट्यांसाठी देता येतील काय, याचाही विचार व्हावा. शिवणाऱ्या हातांना गावोगाव तोटा नाही.

घट बसण्यापूर्वी घरातील सगळ्या वाकळा नदीवर वा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत सीमाभागातील खेड्यांत अजून पाळली जाते. भिजलेली वाकळ एकटीने उचलत नाही; दोघी दोन टोके धरून पिळतात आणि खडकावर पसरतात. भाद्रपद अखेरच्या उन्हात ती वाळायला दोन दिवस लागतात. ती घडी घालून माळ्यावर गेली, की मग बाजारातून ओटीसाठी नवा खण आणायचा.