जुनं नाणं घासावं का?



पहिले दोन-चार पाऊस झाले की आपल्या वऱ्हाडात गावोगावच्या गढीच्या उतारावर काही ना काही उघडं पडतं. कधी मणी, कधी खापराचा तुकडा, कधी काळं-हिरवं पडलेलं एखादं नाणं. गढीची पांढरी माती गाड्या भरभरून वावरात टाकायची पद्धत जुनीच, त्यामुळे नांगराच्या तासातही नाणी निघतात. आता तर मेटल डिटेक्टर घरबसल्या मागवता येतो. नाणं सापडतं पुरुषांना नाहीतर पोरांना, पण घरी आलं की प्रश्न बाईकडेच येतो, "हे कशानं घासायचं?"

आपल्याकडे उत्तरं तयार असतात. चिंच, लिंबू-मीठ, राख, रांगोळी, नाहीतर टूथपेस्ट. तांब्या-पितळेची भांडी लखलखीत ठेवण्यात आपला जन्म गेला. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका शेतकरी घरातल्या सुनेनं मला हेच विचारलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं, चमकवून आण, भाव चांगला येईल. घरात कर्ज होतं, म्हणून तिचा प्रश्न हौसेचा नव्हता. मी तिला जे सांगितलं ते आज सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जुन्या अकोला जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

१९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी जुन्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता; १९९८ पासून तो वाशिम जिल्ह्यात आहे. नाणी दीड हजारांहून अधिक होती. सोन्याची नाहीत, चांदीचीही नाहीत. तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची, ज्याला पोटिन म्हणतात. सराफाच्या तराजूत टाकली असती तर हाती फारसं काही लागलं नसतं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि काठाने ब्राह्मी अक्षरं; दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखी फुली आणि तिच्या चारही टोकांना वर्तुळं. ही सातवाहन राजांची नाणी, म्हणजे साधारण अठराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वीची.

नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचली आणि १९४० साली त्यांवर लेख प्रसिद्ध केला. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे माहितीतले राजे त्यांत होतेच. पण त्याशिवाय कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली. पुराणांत सातवाहन राजांच्या याद्या दिल्या आहेत, त्यांत ही नावं नाहीत. हे राजे होऊन गेले हे आपल्याला कळलं ते या साध्या, काळपट नाण्यांमुळे.

आता यातली मेख बघा. नाणं लहान, ठसा मोठा. त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच उमटलेली असतात. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर शेवट. अशी कितीतरी नाणी शेजारी शेजारी ठेवून नाव जुळवावं लागतं. त्यात 'सातकर्णी' हा भाग अनेक राजांना सामाईक. हा राजा वेगळा हे ठरतं ते त्याच्या आधीच्या एक-दोन अक्षरांवरून. तेवढी अक्षरं चिंचेनं घासून सपाट झाली असती, तर कुंभ सातकर्णी इतिहासातून गेला असता आणि गेला हे कुणाला कळलंही नसतं.

दुसरं उदाहरण नाशिककडचं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी शक क्षत्रप नहपान याची, त्यावर त्याचा चेहरा. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचं नाणं न वितळवता त्याच्याच चेहऱ्यावर आपली खूण! नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश मोडला असं ती त्यात अभिमानानं सांगते. नहपान हा त्याच क्षहरात वंशातला. आईच्या बोलण्याला या नाण्यांनी साक्ष दिली. ती साक्ष कशात आहे? वरच्या ठशाखाली अर्धवट दिसणाऱ्या नहपानाच्या नाका-कानात. नाणं जोरात घासलं की आधी जातं ते हेच, खालचं पुसट चित्र.

मी कॉमर्सची पदवीधर. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की रोजकीर्दीत खाडाखोड करायची नाही. खोडलेली वही दिसायला कितीही स्वच्छ असली तरी पुरावा म्हणून तिची किंमत शून्य. आपल्या घरांत वहीपूजन होतं, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. जुनं नाणं म्हणजे त्या काळच्या वहीतलं एक पान आहे.

आता घासल्यानं नेमकं काय होतं ते सांगते. शेकडो वर्षं मातीत राहिलं की धातूचा वरचा भाग हळूहळू बदलतो आणि त्याचा गडद हिरवा, तपकिरी किंवा काळा थर तयार होतो. आपण त्याला मळ समजतो. पण पुष्कळदा अक्षरांचा आकार त्या थरातच टिकून राहिलेला असतो. चिंच आणि लिंबू हे आम्ल. ते तो थर विरघळवतं. राख आणि रांगोळी खरखरीत, त्यांचे चरे पडतात. थर गेला की खाली चकचकीत पण खडबडीत, अक्षरं हरवलेला धातू उरतो. जाणकार संग्राहक अशा नाण्याला कमीच किंमत देतात. त्या सुनेला मी हेही सांगितलं, कारण तिला ते कळणं गरजेचं होतं.

मग साफ करूच नये का? तसंही नाही. काही नाणी साफ केल्याशिवाय वाचताच येत नाहीत, आणि काहींना खरोखर रोग असतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली आणि ती पसरत असली, तर ओलाव्यामुळे धातू आतून पोखरला जातो आहे असं समजावं. पण तो इलाज संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञाचा आहे, आपल्या मोरीतला नाही. भिंगाखाली, आधी फोटो आणि वजनाची नोंद करून, कणाकणानं ते काम होतं.

आपल्या देवघरांकडेही या निमित्तानं बघा. धातूच्या जुन्या जिनप्रतिमांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लेख असतो. कोणत्या संवतात, कोणत्या आचार्यांच्या उपदेशानं, कोणत्या श्रावक-श्राविकेनं ती घडवली. पिढ्यान्‌पिढ्या पावडरीनं घासून कितीतरी प्रतिमांवरची ती अक्षरं बोटाला लागेनाशी झाली आहेत. लेखातलं श्राविकेचं नाव हा बहुधा तिचा जगात उरलेला एकमेव उल्लेख. भक्तीनं अभिषेक करावा, मऊ कापडानं पुसावं. पण चकाकीसाठी तिचं नाव पुसू नये.

एक प्रश्न घासण्याच्याही आधीचा आहे. नाणं आपलं आहे का? आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अचौर्याणुव्रत सांगताना ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली परकी वस्तूही धरली आहे. ती घेऊ नये आणि उचलून दुसऱ्याला देऊही नये. जमिनीतलं धन यात बरोबर बसतं. देशाचा कायदाही तेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. कळवलं आणि कुणी मालक पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. जागेच्या मालकाशी वाटणी ठरलेली नसेल तर सापडणाऱ्याला तीन भाग, जागेच्या मालकाला एक भाग. सरकारनं तो ठेवून घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. रक्कम मोठी नसेल, पण ती उजळ माथ्यानं घरात येते. आणि पोरांना बजावून ठेवा, संरक्षित किल्ल्यात किंवा पांढरीच्या टेकाडावर यंत्र घेऊन खोदणं हा खेळ नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, नाणं हाती आलं तर एवढंच करा. ते कडांना धरा. ओली माती असेल तर सावलीत वाळू द्या, नखानं खरवडू नका. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. कुठल्या गावात, कोणत्या शेतात, किती खोलीवर, सोबत काय होतं, हे तारखेसह लिहा, कारण जागा हरवली की अर्धा इतिहास हरवतो. साध्या कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवा, मेणकापडाच्या किंवा मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको. मग तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. जाणकाराचं मत हवं असेल तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

त्या सुनेनं नाणं न घासता कागदात गुंडाळून तहसीलला नेलं. तिला किती मिळेल हे अजून ठरायचं आहे, आणि कर्जाला त्यानं फारसा हातभार लागणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. तरी तिनं नेलं, याचं मला मोल वाटतं.

दिवाळीत पूजेची चांदीची नाणी जरूर उजळा, ती आपल्या घरची आहेत. मातीतून आलेलं मात्र काळंच राहू द्या. त्यावर अजून कुणाचं तरी नाव वाचायचं बाकी असेल.