दोन वनस्पतींची दप्तरी नोंद

कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचे राज्य सुरू झाले त्या सुमारास, हिंदुस्थानातील दोन अप्रसिद्ध वनस्पती लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात काही वर्षांच्या अंतराने दाखल झाल्या. परंतु एकीस आरंभापासूनच राजाश्रय लाभला, तर दुसरीस आपली खरी जात सिद्ध होण्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तिष्ठावे लागले.

पहिली आपली शिंदळ माकुडी. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक डालझेल यांनी जुन्नरकडील या वनस्पतीस गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले आणि 'फ्रेरिया' ही प्रजाती सिद्ध झाली. पावसाळ्यात पाने धारण करून उन्हाळ्यात नुसत्या मांसल खोडावर निभावणारी, किरमिजी रंगावर पिवळी नक्षी मिरविणारी ही वनस्पती शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा ठिकाणी कपारींना बिलगून राहिली. शत्रूला दुर्गम म्हणून ज्या कड्यांवर गड उभे राहिले, त्यांनीच गुराढोरांपासून तिचाही बचाव केला असावा.

दुसरी वनस्पती मात्र फुलणारीच नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर 1848 ते 1850 या काळात सिक्कीमच्या मुलखात हिंडले. त्यांनी आणलेले एक खुरटे शेवाळ विल्यम मिटन या औषधविक्रेत्या, पण शेवाळांच्या जाणकार गृहस्थाने 1861 च्या सुमारास 'लेपिडोझिया' या यकृतकांच्या (लिव्हरवर्टच्या) प्रजातीत नोंदविले. पुढे 1958 साली जपानी शास्त्रज्ञांनी तशाच एका वनस्पतीवरून 'टाकाकिया' ही प्रजाती स्थापिली, आणि 1963 मध्ये ग्रोले या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सिक्कीमचे ते शेवाळ तिच्यात आणून बसविले; तरीही ते यकृतका की मॉस, हा वाद मिटेना, कारण निकालास आवश्यक अशी बीजाणूंची बोंडे कोणाच्याच दृष्टीस पडली नव्हती. अखेर 1990 मध्ये अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांवर ती सापडली आणि ते मॉसच ठरले. ज्याचा पुरावा एका महासागराच्या पलीकडे दडलेला असावा, असा खटला वनस्पतिशास्त्रात विरळा!

आज दोघींची गणना संकटग्रस्तांत होते, पण माझ्या मते संकट समान नाही. माकुडीचे कलम सहज रुजते, म्हणून ती परदेशी हौशी माणसांच्या कुंड्यांतही सुखाने नांदते; टाकाकियास मुळे तर नाहीतच, इतर शेवाळांना असणारे मूलाभ तंतूही नाहीत, बोंडे क्वचितच येतात, आणि ते बर्फालगतच्या थंड, ओलसर खडकांवरच तगते; हिमरेषा जसजशी वर सरकते, तसतसे त्यालाही वर सरकावे लागते, आणि वर सरकण्यास पर्वताची उंची मर्यादितच आहे.